दोषाची कैफियत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली, आणि जी यंत्रे हाडापेराने धडधाकट असूनही केवळ टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नाही म्हणून विंडोज ११ ला अपात्र ठरली होती, ती त्या दिवसापासून बेवारस झाली. अशी यंत्रे मीरा-भाईंदरसारख्या शहरात कोठे असतात हे शोधावयास दूर जावे लागत नाही. भाईंदर पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत जमाखर्च ठेवणारा, मीरा रोडच्या गृहनिर्माण संस्थेत मेंटेनन्सची बिले काढणारा, स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांचे अर्ज टाइप करून देणारा संगणक बहुधा याच वयाचा असतो, आणि त्याच्या मालकाला नवा घेण्याची ऐपत नसते असे नव्हे, तर चालत्या यंत्राला भंगारात काढणे त्याच्या हिशेबी बुद्धीला पटत नसते. त्यामुळे कोणी पुतण्या किंवा कॉलेजात जाणारा शेजारी येतो आणि पेनड्राइव्हवरून उबुंटू, मिंट अथवा डेबियन यांपैकी एखादी लिनक्स प्रणाली त्यावर बसवून देतो. बसविण्याचे हे काम आता अर्ध्या तासाचे झाले आहे. खरा प्रश्न उपस्थित होतो तो पुढे, काही बिघडले म्हणजे.

आपल्याकडे बिघाडावर एकच रामबाण उपाय रूढ आहे: कॉम्प्युटरवाल्याला बोलवावे आणि त्याने फॉरमॅट मारून द्यावा. या उपायाने दोष जातो हे खरे. परंतु त्याच्याबरोबर दोषाचा पुरावाही जातो, आणि तोच दोष महिन्याभराने पुन्हा उद्भवला म्हणजे तो का उद्भवला हे सांगावयास कोणीच उरत नाही. लिनक्सच्या बाबतीत ही वहिवाट विशेष घातक आहे, कारण तेथे दोष दुरुस्त करणारा मनुष्य आपल्या गल्लीत राहत नसून तो ब्रनोत, पोर्टलंडमध्ये किंवा पुण्यात कोठेतरी बसलेला असतो, त्याने आपले यंत्र कधी पाहिलेले नसते आणि पाहण्याचा संभवही नसतो; त्याच्या हाती येते ती केवळ आपण लिहून धाडलेली कैफियत. ती कैफियत धड असेल तर दोष जातो, नसेल तर तो अर्ज पडून राहतो. लिनक्समध्ये सामान्य वापरणाऱ्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य आज्ञा पाठ असण्यात नाही, साक्ष नीट देता येण्यात आहे, असे माझे मत आहे.

साक्ष मागण्याची ही रीत लिनक्सच्या जन्मापासूनची आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला दिली तीच मुळी लोकांच्या सूचना मागत दिली. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या प्रकल्पाने पुढच्याच वर्षी दोषांची सार्वजनिक नोंदवही उघडली, आणि १९९७ साली वापरणाऱ्यांशी जो सामाजिक करार जाहीर केला त्यात आमचे दोष आम्ही लपविणार नाही हे स्वतंत्र कलम घातले. एखाद्या संस्थेने स्वतःच्या उणिवांचे संपूर्ण दप्तर कोणाही त्रयस्थास केव्हाही उघडून पाहू द्यावे, हा प्रकार सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी चार खेपा घातलेल्या आपल्यासारख्या माणसाला अद्भुतच वाटावा. त्या नोंदवहीतील अनुक्रमांक आता दहा लाखांच्या पुढे गेला आहे. उबुंटूच्या वहीतील पहिल्या क्रमांकाची नोंद तर तिचा संस्थापक मार्क शटलवर्थ यानेच २००४ च्या ऑगस्टमध्ये केली, आणि तीत दोष म्हणून लिहिले काय, तर बाजारपेठेत मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुसंख्य आहे! ही नोंद २०१३ च्या मे महिन्यात निकाली काढण्यात आली. विनोदी नोंदीदेखील रीतसर बंद करावयाच्या, ही शिस्त मला त्या विनोदापेक्षा अधिक आवडली.

आता बिघाड झाला म्हणजे तक्रार कोणाकडे रुजू करावी? येथेच नवखा मनुष्य प्रथम अडखळतो. लिनक्स ही एका मालकाची एकसंध वस्तू नाही. तळाशी गाभा, म्हणजे कर्नल, असतो. त्यावर नाना कार्यक्रमांना जोडणारी ग्रंथालये. त्यावर नोम किंवा केडीई यांसारखे पडद्यावरचे वातावरण. आणि सर्वांत वर फायरफॉक्स, लिबरऑफिस असे नित्याच्या वापरातील कार्यक्रम. प्रत्येक थराचे कर्ते निराळे, आणि या सर्वांची मोट बांधून आपल्यापर्यंत पोचविणारे डेबियन-उबुंटूवाले आणखी निराळे. आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे छत गळू लागले म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा नळ, गच्चीवरची टाकी, बिल्डरने भिंतीत गाडलेला पाइप आणि नुसता पाऊस यांपैकी अपराधी कोण हे ठरविण्यासाठी जाणता प्लंबर आधी भिंत फोडीत नाही, तर एकेक व्हॉल्व्ह बंद करून ओल थांबते का ते पाहतो. संगणकातील दोष शोधण्याची रीत तंतोतंत हीच आहे.

ध्वनी येत नाही, वायफाय दिसत नाही, पडदा मध्येच गोठतो, अशी कोणतीही तक्रार घ्या. यंत्रावर नवे खाते उघडून त्यात प्रवेश केला असता दोष नाहीसा झाला, तर प्रणाली निर्दोष असून आपल्याच जुन्या खात्यातील एखादे सेटिंग बिघडलेले आहे. नव्या खात्यातही दोष राहिला, तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर सारे सुरळीत असेल तर दोष नव्या कर्नलबरोबर आला. तसेही नसेल तर पेनड्राइव्हवरूनच दुसरी एखादी लिनक्स प्रणाली, काहीही न बसविता, चालवून पाहावी. तेथेही तीच रड असेल तर संशय यंत्राच्या सुट्या भागांकडे वळवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा यातील मुख्य नियम. उतावळा मनुष्य एका बैठकीत अपडेट करतो, ड्रायव्हर बदलतो, केबलही बदलतो. दोष जातो, पण कशाने गेला हे त्याला सात जन्मांत कळत नाही.

या शोधात यंत्र स्वतःही साक्ष देते. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणाली आपल्या कारभाराचा रोजनामा लिहीत असतात; कोणत्या क्षणी कोणता भाग सुरू झाला, कोण कोणावर रागावले, कोणी कशाची मागणी केली आणि ती का नाकारली गेली, हे सारे त्यात तासमिनिटांसह नमूद असते. 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेने तो वाचता येतो. वायफाय दिसत नाही म्हणून हैराण झालेल्या माणसाला पुष्कळदा तेथे एकच ओळ सापडते: अमुक नावाची फर्मवेअरची फाइल भरता आली नाही. म्हणजे वायफायचे कार्ड शाबूत आहे, ड्रायव्हर शाबूत आहे, फक्त कार्डाच्या पोटात घालावयाची छोटी फाइल या यंत्रावर नाही. डेबियनवर अशी विपत्ती इतक्या जणांवर ओढवत असे की २०२२ साली त्या प्रकल्पाच्या सभासदांनी मतदान घेऊन, मुक्त परवान्याबाहेरची ही फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालण्याचा ठराव केला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तो अंमलात आला.

एक सूचना खास मराठी वाचकांसाठी. ज्यांनी आपला पडदा मराठीत ठेवला आहे त्यांना चुकांचे संदेशही मराठीत येतात, आणि ते वाचावयास गोड असले तरी दुरुस्ती करणाऱ्या परदेशस्थाला निरर्थक असतात. टर्मिनलमध्ये आज्ञेच्या आधी रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, 'एलसी_ऑल=सी' एवढे लिहिले की त्या खेपेपुरता संदेश मूळ इंग्रजीत येतो; तोच जसाच्या तसा तक्रारीत उतरवावा. 'काहीतरी एरर आला' हे वाक्य कैफियतीत असणे आणि नसणे सारखेच.

कैफियत लिहिताना पाळावयाचा दंडक न्यायालयातील साक्षीदाराचाच आहे: जे पाहिले ते सांगावे, जे वाटले ते निराळे सांगावे, आणि जे विचित्र वाटल्यामुळे सांगावयास लाज वाटते तेही सांगावे. या शेवटल्या पोटनियमाची सत्यता पटविणारी एक खरीखुरी हकीकत उबुंटूच्या नोंदवहीत आहे. २००९ च्या सुमारास एका गृहस्थाची पत्नी म्हणू लागली की ओपनऑफिस हा लेखनाचा कार्यक्रम मंगळवारी छापीत नाही. सोमवारी छापते, बुधवारी छापते, मंगळवारी मात्र नाही. अशी तक्रार ऐकल्यावर शंभरातले नव्व्याण्णव नवरे हसतील, आणि त्यांत संगणकतज्ज्ञ नवरे अधिक मोठ्याने हसतील. या गृहस्थाने पडताळा पाहिला, आणि बाई अक्षरशः खरे बोलत होत्या.

कारण असे निघाले. ओपनऑफिस छपाईसाठी जी पोस्टस्क्रिप्ट फाइल तयार करी तिच्या आरंभी ती कोणत्या वारी, कोणत्या तारखेस निर्माण झाली ते लिहिलेले असे; मंगळवारी अर्थातच तेथे 'ट्यू' हे इंग्रजी वाराचे लघुरूप येई. छपाईच्या साखळीत एक दुवा असा होता की पुढ्यात आलेली फाइल कोणत्या जातीची आहे हे तो 'फाइल' नावाच्याच एका जुन्या उपकरणाला विचारी, आणि हे उपकरण फाइलीतील ठराविक जागेवरच्या खुणा स्वतःजवळच्या तक्त्याशी ताडून निवाडा देई. त्या तक्त्यात अर्लांग या संगणकभाषेच्या एका जुनाट फाइलप्रकाराची खूण म्हणून २२ जानेवारी १९९१ ही तारीख वारासकट लिहिलेली होती, आणि तो दिवस होता मंगळवार. लिहिणाऱ्याने शब्दांमधील मोकळ्या जागा योग्य चिन्हाने बांधून घेतल्या नव्हत्या; परिणामी उपकरणाने 'ट्यू' एवढीच खूण मानली आणि उरलेली तारीख वर्णन म्हणून सोडून दिली. झाले! मंगळवारी जन्मलेली फाइल पोस्टस्क्रिप्ट नसून अर्लांगची आहे असा निवाडा होई, आणि प्रिंटर मुकाट बसे. तक्रार प्रथम ओपनऑफिसच्या नावे रुजू झाली होती. तो बिचारा यात सर्वस्वी निरपराध होता. त्या पत्नीचे निरीक्षण 'कधी कधी प्रिंट येत नाही' अशा सभ्य, समंजस आणि निरुपयोगी भाषेत नोंदले गेले असते, तर या दोषाचा छडा कदाचित लागलाच नसता.

गाभ्यातील दोष हुडकण्याची रीत आणखी मनोहर आहे. कर्नलची नवी आवृत्ती सामान्यतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. मागच्या आवृत्तीत लॅपटॉप झोपेतून जागा होत होता, या आवृत्तीत होत नाही, तर या सहस्रावधी बदलांपैकी अपराधी कोणता? टोर्वाल्ड्सनेच २००५ साली रचलेल्या गिट या साधनात 'बायसेक्ट' नावाची सोय आहे. ती बदलांच्या रांगेच्या मध्यावरची आवृत्ती काढून देते. आपण ती चालवून 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढेच सांगावयाचे. मग संशयित अर्धी रांग घेऊन तिचा पुन्हा मध्य. सोळा हजारांची रांगसुद्धा अशा चौदा पायऱ्यांत एका बदलावर येऊन थांबते, आणि त्या बदलाखाली त्याच्या कर्त्याचे नाव व पत्ता असतो. यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, चिकाटी लागते. कारण जुन्या यंत्रावर प्रत्येक पायरीस कर्नल नव्याने बांधण्यात तासच्या तास जातात.

परंतु आपल्यापुरता खरा महत्त्वाचा भाग यापुढे आहे. ध्वनीचा, छपाईचा, वायफायचा दोष ब्राझीलमधील माणसालाही दिसतो आणि तो त्याची नोंद करून मोकळा होतो. मराठी लिहिण्यातला दोष मात्र मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. उत्तनच्या कोळ्यांचा दर्या निराळा आणि सह्याद्रीच्या दऱ्या निराळ्या. 'दऱ्या'तला हा आडवा अर्धा र हिंदीत वापरीत नाहीत, त्यामुळे दिल्लीत बसून देवनागरीची कसून परीक्षा घेणाऱ्याच्या हातूनही तो तपासावयाचा राहतो. शिवाय तो लिहिण्याचे मार्ग युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन आहेत: नुक्त्याचा ऱ, म्हणजे यू+०९३१, घेऊन त्याचा पाय मोडावयाचा, किंवा साधा र, यू+०९३०, त्याचा पाय मोडून पुढे यू+२००डी हे अदृश्य जोडचिन्ह ठेवावयाचे. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी. मात्र एखाद्या सोसायटीच्या चिटणिसाने बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याविषयीचे जुने ठराव शोधण्यासाठी 'खाऱ्या' हा शब्द टाकला, आणि आधीचा चिटणीस दुसऱ्या कळफलकाने लिहिणारा निघाला, तर साध्या शोधाला त्यांतले काहीच सापडणार नाही, आणि ठराव झालाच नव्हता अशी सर्वांची खात्री होऊन बसेल.

दुसरा दाखला अधिक बोधप्रद आहे. जुन्या फाइलींतील 'ॲडव्होकेट' हा शब्द नव्या लिनक्सवर उघडला की कित्येकदा प्रथम अ, मग टिंबाटिंबांचे एक रिकामे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या डोक्यावर चंद्र, असे विद्रूप दर्शन घडते. पाहणारा म्हणतो, फॉन्ट बिघडला. वर सांगितलेल्या रीतीने चालू या. फॉन्ट बदलला, वर्तुळ कायम. फायरफॉक्समध्ये उघडले, कायम. तोच शब्द नव्याने टाइप केला; वर्तुळ गेले. म्हणजे दोष फॉन्टचा नव्हे, कार्यक्रमाचाही नव्हे, तो जुन्या मजकुरात आहे. लिबरऑफिसमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की त्याचा युनिकोड क्रमांक उघड होतो. नव्या शब्दात ॲ हे एकच अक्षर आहे, यू+०९७२. ते युनिकोडमध्ये आले एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीचे लोक अ, यू+०९०५, लिहून त्यावर सुटा चंद्र, यू+०९४५, चढवीत. लिनक्सवरील अक्षरांची जुळणी करणारे हार्फबझ हे ग्रंथालय ही जोडी अग्राह्य मानते आणि ती डोळ्यांत भरावी म्हणून मुद्दाम मध्ये वर्तुळ घालते. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि नोम ही तिन्ही त्याच ग्रंथालयावर विसंबून असल्याने सर्वत्र दृश्य एकच. तेव्हा हार्फबझकडे तक्रार केली तर उत्तर येईल की हा दोष नसून नियम आहे, आणि ते उत्तर बरोबर असेल. पण आपला कळफलक आजही ॲ च्या जागी ती जुनी जोडी उमटवीत असेल, तर तो मात्र निखळ दोष आहे, आणि तक्रार कळफलकाच्या कर्त्यांकडे गेली पाहिजे. योग्य दार ठोठावण्याने एवढा फरक पडतो.

ल आणि श यांची मराठी वळणे पडद्यावर हिंदी होऊन उमटतात, याचेही मूळ पुष्कळदा फॉन्टात नसून मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसते यात असते. या बाबतीत महाराष्ट्राची बाजू अगदीच लंगडी नाही. रेड हॅटने २००४ साली मुक्त केलेले लोहित हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले, आणि त्यांची पुढील निगाही रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांनी राखली. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर बेतलेली बॉस ही भारतीय भाषांची प्रणाली काढली. ज्यांना तक्रार समजेल असे लोक आपल्याच प्रांतात आहेत. तक्रारी मात्र फार थोड्या जातात, कारण मराठी मनुष्य अक्षर मोडलेले दिसले की ते तसेच सोडून देतो किंवा सरळ इंग्रजीत लिहू लागतो.

उत्तराविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. डेबियनमध्ये तक्रारीच्या गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत. सर्वांत खाली नुसती इच्छा आणि सर्वांत वर सबंध यंत्र मोडणारा किंवा विदा गिळंकृत करणारा दोष. आपली तक्रार आपणास कितीही जिव्हाळ्याची असली तरी तिला वरची पायरी देऊन कर्त्याचे लक्ष वेधण्याचा प्रयत्न करू नये. तो बहुधा पगाराविना काम करणारा असतो आणि अशा क्लृप्त्यांना विटलेला असतो. त्याने अधिक तपशील मागितला तर तो पुरवावा, कारण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळेच पुष्कळ तक्रारी निकालात निघतात. रोजनामा जोडताना मात्र तो आधी स्वतः वाचावा. त्यात आपल्या खात्याचे, वायफायचे, फाइलींचे नाव असते, आणि ही वही साऱ्या जगासाठी उघडी आहे.

वाचकांपैकी कोणाच्या यंत्रावर लिनक्स असेल त्यांना एवढीच विनंती की मराठी मजकूर मोडलेला दिसला तर प्रथम नोंदवहीत तोच दोष आधी कोणी लिहिला आहे का ते शोधावे, नसल्यास त्याच दिवशी नवी नोंद करावी. प्रणालीचे नाव व आवृत्ती, कार्यक्रमाचे नाव व आवृत्ती, फॉन्ट, कळफलक, काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, एवढे मोडक्यातोडक्या इंग्रजीतही चालते. पडद्याचे छायाचित्र जोडावे, आणि त्याच्याखाली तो मराठी शब्द अक्षरांतही चिकटवावा. कारण छायाचित्रावरून अक्षरांचे क्रमांक काढता येत नाहीत.